घराचं काम काढतोय, शेजाऱ्यांना आधी काय काय सांगून ठेवावं?

पिंप्राळेकर

नमस्कार मंडळी. जळगावात पिंप्राळ्याकडे वडिलांनी घेतलेला प्लॉट आहे, त्यावर त्यांनीच बांधलेलं जुनं लोड बेअरिंग (कॉलम नसलेलं, भिंतींवर उभं) घर, पुढे ओटा नि मागे पत्र्याचं शेड. ते पाडून खाली पार्किंग आणि वर दोन मजले असं काम काढतोय. नकाशा मंजूर झाला, ठेकेदार ठरला, दिवाळी झाली की पाडकाम.

अडचण बांधकामाची नाही, शेजाऱ्यांची आहे. उजवीकडे रिटायर मास्तर आणि काकू, त्यांचं घर आमच्याहून जुनं, कंपाउंडला जवळजवळ खेटून. डावीकडे नवीन जोडपं, घरात तान्हं बाळ. आणि मागच्या प्लॉटवाल्या काकांशी वडिलांच्या काळात हद्दीवरून बोलाचाली झाली होती, तेव्हापासून लग्नपत्रिका येते-जाते पण बोलणं नाही. ठेकेदार म्हणतो "साहेब कोणाला विचारत बसू नका, विचारलं की माणूस नाही म्हणतो, एकदा खड्डा पडला की सगळे गप बसतात". बायको म्हणते आधी सगळ्यांकडे जाऊन या. पण जाऊन नेमकं सांगायचं काय? वर्षभर धूळ खावी लागेल हे ऐकून कोण खूश होणार आहे. ज्यांनी घरं बांधली आणि ज्यांच्या बाजूला बांधली गेली, दोघांनी लिहा.

राखेची_वीट

ठेकेदार स्लॅब टाकून पैसे घेऊन जाईल, मास्तरांच्या बाजूला राहायचंय तुम्हाला. त्याच्या सल्ल्याबद्दल एवढंच.

मी भुसावळला साइटचीच कामं बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपल्या तापी पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे, पाणी लागलं की फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जुन्या घरांचे पाये उथळ असतात, त्यामुळे भिंतींना तडे असतातच, पावसाळ्यात बारीक होतात नि मे मध्ये उघडतात, पण घरातल्या माणसाचं तिकडे लक्ष नसतं. ज्या दिवशी शेजारी जेसीबी येतो त्या दिवशी संध्याकाळी तो बॅटरी घेऊन पहिल्यांदा आपल्याच भिंती बघतो, आणि वर्षानुवर्षांचा तडा त्याला तेव्हा दिसतो. तो खोटं बोलत नसतो बरं का, त्याला खरंच वाटतं की आज पडला.

म्हणून पाडकामाआधी मास्तरांच्या घरात जा, त्यांना सोबत घेऊन प्रत्येक भिंतीचे, छताच्या कोपऱ्यांचे, फरशीचे फोटो काढा, तुमच्या फोनवर पण आणि त्यांच्या फोनवर पण. मोठा तडा असेल तिथे पीओपीचा एक आडवा पट्टा मारून वर तारीख टाका. काम चालू असताना पट्टा फुटला तर तडा हलतोय, मग खोदकाम थांबवून इंजिनियरला बोलवायचं. नाही फुटला तर वादच नाही.

दुसरं, कंपाउंडलगत सलग चर उघडून ठेवू नका. एक टप्पा खोदायचा, काम करून भरायचा, मग पुढचा. काळी माती काढून मुरूम लागेपर्यंत जावं लागतं, म्हणजे तुमचा खड्डा त्यांच्या पायाच्या खाली जाणार हे धरूनच चाला. तुमचा मुहूर्त दिवाळीनंतरचा आहे ते बरंय, जूनच्या तोंडावर असा खड्डा उघडा ठेवणं म्हणजे त्यांची भिंत देवावर सोडणं. आणि क्युरिंगचं (काँक्रीट ओलं ठेवायला मारलेलं) पाणी कुठल्या बाजूला वाहतं ते स्वतः उभं राहून बघा. आपल्या मातीत शेजाऱ्याच्या पायाशी महिनाभर पाणी मुरवलं तर हादऱ्यांपेक्षा जास्त नुकसान त्यानेच होतं, आणि हे कोणी सांगत नाही.

गच्चीवरची_बिबडी

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणजे जिच्या शेजारी बांधलं गेलं ती. अमळनेर.

धुळीचं म्हणाल तर धूळ सगळ्यांना माहीत असते, कोणी घर बांधलं की धूळ उडणारच, त्यावर कोणी भांडत नाही. राग कशाचा येतो सांगू का, एप्रिलमध्ये आमच्याकडे बिबड्या घातल्या होत्या, भिजवून दळलेल्या ज्वारीचा घाटा पहाटे उठून शिजवायचा, ऊन चढायच्या आत थापून व्हायला पाहिजेत, जावा, नणंदा, शेजारच्या दोघी सगळ्या गच्चीवर, लुगडी पसरून त्यावर दोन रांगा झाल्या असतील नि पलीकडे टाइल कटर चालू. वाऱ्याची दिशा आमच्याकडे. पांढरी भुकटी सगळी. वर्षाचं वाळवण गेलं. काम थांबवा म्हटलं तर मजूर म्हणतो आम्हाला काय माहीत मालकाला विचारा, मालक पुण्याला.

आता त्या भल्या माणसाने आदल्या दिवशी "ताई उद्या फरशी कापायचीये" एवढं सांगितलं असतं तर आम्ही दोन दिवस पुढे ढकललं असतं! आमचं काही अडलं नव्हतं. तर दादा तुम्ही काकूंना विचारा की तुमचं पापड-कुरडयांचं, बिबड्यांचं कधी असतं, नि ते दिवस कटिंग-घिसाई बंद ठेवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) काकूंच्या मुली माहेरी येत असतील तर ते दोन-तीन दिवसही काम बंदच ठेवा, मजूरही तेव्हा गावाला जातातच. आणि त्यांच्याकडे कानबाई (देवी) बसत असेल तर श्रावणातला तो रविवार धरून पुढे-मागे अंगण-रस्ता मोकळा पाहिजे, वाळूचा ढीग नको तिथे.

अजून एक, हे पुरुषमंडळींच्या लक्षात येत नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळे गच्चीवर झोपतात. तुमचा दुसरा मजला झाला की काकूंची गच्ची तुमच्या खिडकीखाली येणार. खिडकी कुठे येतेय ते त्यांना नकाशात आधी दाखवा.

पिंप्राळेकर

@राखेची_वीट फोटोंचं डोक्यातच आलं नव्हतं, हे करतोच. @गच्चीवरची_बिबडी ताई, गच्चीचं बरोबर आहे, उजवीकडच्या बेडरूमची खिडकी तिकडेच आहे. बघतो आर्किटेक्टशी बोलून.

पांझराकाठ

धुळ्याहून. आमच्याकडे भांडणं पाण्यावरून होतात, बाकी सगळं नंतर.

पीपीसी म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट वापरणार असाल (हल्ली तेच मिळतं) तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे क्युरिंग कमीत कमी १० दिवस, आणि कोरड्या कडक उन्हात १४ दिवस तरी करायला सांगतात. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा स्लॅबवर वाफे करून पाणी भरून ठेवलं तरी संध्याकाळी कोरडं. आता नळ येतो दिवसाआड किंवा त्याहून उशिरा, आणि गल्लीतल्या बायका हंडे भरून राहिल्या नि तुमच्या साइटवर मोटर लावून स्लॅबला पाणी मारणं चालू, तर गल्ली तुम्हाला काय म्हणेल? नळाचं पाणी साइटला लावूच नका, टँकर किंवा बोअर. बोअर मारायची असेल तर पण आधी सांगा, रात्री गाडी येते, कानठळ्या बसतात नि करडा चिखल सगळ्यांच्या दारात. गोणपाट टाकून ओलं ठेवलं तर पाणी कमी लागतं नि वाहून पण जात नाही, कॉलमला तर तेच करा.

लाइटचं पण सांगून ठेवतो. ठेकेदार गोड बोलून मास्तरांच्या मीटरवरून वायर ओढेल, "बिलाचं बघू आपण". हे होऊ देऊ नका. २००३ च्या विद्युत कायद्याच्या कलम १२६ मध्ये एका जागेसाठी दिलेली वीज दुसऱ्या जागेला वापरणं अनधिकृत वापरात येतं, आणि दुप्पट दराने आकारणी मीटर ज्याच्या नावावर त्याला येणार. म्हणजे तुमच्यावर उपकार करून मास्तर अडचणीत. महावितरणचं बांधकामासाठी तात्पुरतं कनेक्शन मिळतं, ते घ्या.

झाडी_बोरी

भाऊ आमना गावमा ते अजून बी स्लॅबना दिन आखी गल्ली येस. कोणी पानी देस, कोणी च्या देस. शहरमा नोटीस नि फोटो काढना पडतस, काय दिन उनात 😄

राखेची_वीट

@झाडी_बोरी भो, गावात पण भिंत पडली की तलाठ्याकडेच पळतात ना शेवटी 😄

काळा_कोट

वकिली करतो, पण कोर्टात जाऊ नये म्हणून लिहितोय.

१८८२ चा सुविधाधिकार कायदा अजून लागू आहे. एखाद्या घराच्या खिडकीतून २० वर्षं अखंड, बिनविरोध उजेड-वारा येत असेल तर कलम १५ प्रमाणे तो हक्क होतो, मग शेजारच्याने भिंत उभी करून तो भरीव प्रमाणात अडवला तर दावा लागू शकतो. मास्तरांचं घर तुमच्याहून जुनं आहे म्हणता, तर त्यांच्या तुमच्या बाजूच्या खिडक्या किती जुन्या हे बघून घ्या. मंजूर नकाशाप्रमाणे साइड मार्जिन (बाजूची मोकळी जागा) सोडलंय म्हणजे हा प्रश्न आपोआप सुटला असं नाही, ती वेगळी गोष्ट, ही वेगळी.

जमिनीच्या आधाराचंही तसंच. शेजारच्या जमिनीला तुमच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार असतो तो खोदून काढून घेता येत नाही, कलम ७ खाली तो मालकाचा मूळ हक्कच धरलाय. त्या जमिनीवरच्या घराचा आधार हा मात्र वेगळा वादाचा विषय होतो, म्हणून वर इंजिनियर साहेबांनी फोटोंचं सांगितलं ते सोनं आहे.

गच्चीवर डोकावणाऱ्या खिडकीबद्दल: खासगीपणाचा सरसकट हक्क या कायद्यात नाही, पण कलम १८ मध्ये रूढीने मिळणारे हक्क आहेत आणि तिथे दिलेलं एक उदाहरण नेमकं हेच आहे, एखाद्या गावाच्या रिवाजाप्रमाणे शेजाऱ्याच्या आडोशावर घाला येईल अशी नवी खिडकी काढता येत नाही. रिवाज सिद्ध करण्यात मात्र आयुष्य जाईल. खिडकीची उंची वाढवणं स्वस्त पडेल.

आवाजाचं, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. मिक्सर नि ब्रेकर (तोडफोडीचं मशीन) दिवसासुद्धा त्यात बसत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, शेजारी सोसतो म्हणून चालतं. तेव्हा रात्रीच्या स्लॅबची फिनिशिंग वगैरे करताना जरा जपून.

नंदुरबारी_मिरची

मजुरांचं कोणी बोललं नाही. आमच्याकडे साइटवर सातपुड्यातली, कधी बडवानी-खरगोनकडची कुटुंबं येऊन राहतात, बायका-मुलांसकट, महिनोन्महिने. मालक त्यांना पत्र्याची खोली देतो आणि संडास देत नाही. मग सकाळी ती माणसं मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये जातात, कॉलनीवाले आरडाओरडा करतात, आणि सगळं खापर त्या गरिबांवर. पाडकामात जुना संडास शेवटपर्यंत ठेवा किंवा पहिल्या आठवड्यात तात्पुरता बांधा, खर्च काहीच नाही त्या मानाने. बाकी सळईचा, प्लेटांचा आवाज लोक विसरतात, ही गोष्ट विसरत नाहीत. मजुरांची नावं शेजाऱ्यांना माहीत असली तर चोरीचा संशय पण त्यांच्यावर पटकन येत नाही, हे मी बघितलंय.

सरळसोट

सगळं वाचलं. माफ करा पण एवढं करत बसलो तर घर कधी बांधायचं? आम्ही पण सगळ्यांना पेढे देऊन, पाया पडून सुरुवात केली होती. एका शेजाऱ्याने काम अर्ध्यात आल्यावर सांगितलं की तुमच्या गाड्यांमुळे माझं कंपाउंड हललं, नवीन बांधून द्या, गेट पण बदलून द्या. कंपाउंड आधीपासून वाकलेलं. नाही म्हटलं तर रोज कुठे ना कुठे अर्ज. काही लोकांना जितकं विचाराल तितकं ते डोक्यावर बसतात, तुमचा ठेकेदार अगदीच चुकीचं बोलत नाहीये.

गच्चीवरची_बिबडी

असेही असतात, नाकारत नाही. पण भाऊ सांगणं वेगळं नि परवानगी मागणं वेगळं ना. "आम्ही बांधू का" असं कोणी विचारायला सांगत नाहीये. अमुक दिवशी पाडकाम, तमुक दिवशी स्लॅब, सकाळी किती वाजता चालू नि दुपारी किती वेळ बंद, आणि काही झालं तर हा माझा नंबर, ठेकेदाराचा नाही. एवढंच. बाळ असलेल्या घरात दुपारी बारा ते तीन ब्रेकर बंद म्हणून सांगा, तसंही मे मध्ये त्या वेळात कोण काम करतं उन्हात.

राखेची_वीट

@सरळसोट याच केसमध्ये आधीचा फोटो असता तर पाच मिनिटांचं काम होतं. आमचा नियम साधा, कामामुळे जे तुटलं ते मालकाने दुरुस्त करून द्यायचं, लगेच, कुरकुर न करता, शेजाऱ्याने मागायच्या आत. आणि आधीपासून मोडकं होतं ते आपल्या खर्चात नवीन होणार नाही. दोन्ही वाक्यं पहिल्याच दिवशी बोलायची, हसत हसत.

एरंडोलकर

थोडं अवांतर पण गावठाणातल्यांसाठी. आमच्याकडे जुनी धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरं, मधली भिंत सामाईक. आमच्या बाजूच्याने त्याचं धाबं उतरवून आरसीसी काढलं, स्वतःचे कॉलम वेगळे घेतले, मधल्या भिंतीला हात लावला नाही, सगळं रीतसर. पण आमच्या सऱ्या-कड्या ज्या मातीच्या भिंतीवर बसलेल्या ती भिंत त्याच्या बाजूने उघडी पडली, जी कधीच पावसात नव्हती. वर आमच्या धाब्याची पन्हाळी त्याच्या धाब्यावर पडायची, ती आता नव्या नि जुन्या भिंतीच्या मधल्या फटीत. पहिल्या पावसात भिंत ओली. दरवर्षी छतावर नुसती खारी माती टाकून भागायचं ते घर त्या साली आतून गळलं.

त्याने नंतर स्वतःहून उघड्या भिंतीला गिलावा केला, फटीवर पत्रा ठोकून दिला आणि आमची पन्हाळी पाइपाने रस्त्याकडे काढली. आम्ही आजही एकमेकांकडे भरताला बसतो. पण हे तिघं-चौघं मिळून पाडायच्या आधी बोलून ठेवावं, पाडल्यावर जून यायला किती वेळ लागतो.

पिंप्राळेकर

खूप उपयोगी पडलं सगळं. मागच्या काकांचं काय करू ते मात्र अजून कळत नाहीये. वडील म्हणायचे कंपाउंड त्यांनी आत घेतलं, काका म्हणायचे वडिलांनीच घेतलं. आता नवीन कंपाउंड घालताना हा विषय निघणारच. जुन्या लाइनवरच घालून मोकळं व्हावं का?

काळा_कोट

जुन्या लाइनवर घातलंत तर वाद तुमच्या मुलांना देऊन जाल. भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, ऑनलाइन होतो, लवकर करून घ्यायची फी जास्त आहे पण भरा. मोजणीची नोटीस लगतच्या सगळ्या धारकांना जाते. म्हणजे ती काकांच्या हातात पोस्टाने पडायच्या आधी तुम्ही त्यांच्या घरी गेलेलं असलं पाहिजे. खुणा दाखवताना त्यांना उभं करा, नंतर 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) मिळते त्याची झेरॉक्स त्यांना द्या. जे निघेल ते निघेल, चार इंच इकडे तिकडे.

सरळसोट

आणि काकांच्या बाजूने चार इंच निघाले तर? सोडणार का पिंप्राळेकर? 😀

पिंप्राळेकर

सोडावे लागतील की. पार्किंगची गाडी वळते का ते बघतो आधी.

पांझराकाठ

वाळूचं राहिलं. रस्त्यावर ढीग टाकू नका, पाडकामाचा मलबा पण नाही, मलब्याच्या नियमांप्रमाणे तो आपल्याच आवारात ठेवून उचलून न्यायची जबाबदारी आपली, गटारीत गेला तर पहिल्या पावसात मास्तरांच्या अंगणात पाणी. वाळूची गाडी रात्रीच येते, का येते ते विचारू नका, पण डावीकडच्या बाळाच्या खिडकीखाली हायड्रॉलिक उचलून खाली करू नका म्हणजे झालं. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घेतलीत तर दिवसा येईल.

पिंप्राळेकर

अपडेट देतो. तिन्ही घरी जाऊन आलो. मास्तरांकडे फोटो काढले, मास्तरांनी स्वतःच वही काढून कुठल्या खोलीत कुठला तडा ते लिहून घेतलं, हेडमास्तर होते ते कळलं. काकूंनी वाळवणाचे दिवस सांगितले आणि वर म्हणाल्या स्लॅबच्या दिवशी मजुरांसाठी वरण-बट्टी इथेच करू, चुलीला जागा तुमच्याकडे कुठे राहणार. बेडरूमची खिडकी आता पुढच्या बाजूला घेतोय, उजवीकडे नुसता वरचा झरोका. डावीकडच्यांनी एकच मागितलं, ब्रेकर चालणार असेल त्या दिवशी सकाळी मेसेज, म्हणजे ती बाळाला घेऊन आईकडे जाईल.

मागचे काका दारातच म्हणाले "मोजणी करून राहिले म्हणे". कोणाकडून तरी समजलंच होतं. बसवलं, पाणी दिलं. हद्दीवर एक शब्द बोलले नाहीत, फक्त म्हणाले मोजणीवाले येतील तेव्हा मला उठवा, दुपारी झोपलेला असतो.

एरंडोलकर

चांगलं झालं. पिंप्राळेकर, पाडकामात सागाचे दरवाजे, चौकटी निघणार असतील तर विकणार का? मला दोन पाहिजेत, व्यनि (खासगी निरोप) करा.

पिंप्राळेकर

ते मागच्या काकांनी मागून ठेवले ना भो. लोखंडी खिडक्या आहेत, पाहिजेत तर सांगा.